व्यक्तिचित्राची ऑर्डर घेण्यापूर्वी

ठाण्यात व्यक्तिचित्रांना मागणी नाही, ही समजूत नवोदितांनी मनातून काढून टाकावी. नौपाड्यातील जुनी कुटुंबे, घोडबंदर रस्त्यावरील मोठी घरे आणि संस्थापकांचे तैलचित्र सभागृहात लावू इच्छिणाऱ्या शिक्षणसंस्था आजही चित्रकाराच्या शोधात असतात. रेखाटन आणि साम्य तुम्हाला जमते असे मी गृहीत धरते. अडते ते व्यवहारापाशी.

एका संस्थेसाठी मी तिच्या संस्थापकांचे तैलचित्र केले होते. पुढे तेच चित्र दिनदर्शिकेवर छापलेले पाहिले, त्यात माझी सही कापली गेली होती. विचारल्यावर उत्तर मिळाले की चित्र संस्थेचे आहे. छपाईपुरते ते उत्तर कायद्याला धरूनच होते, आणि हे फार थोड्या चित्रकारांना ठाऊक असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून चित्र काढले आणि उलट करार केलेला नसला, तर कॉपीराइटचा पहिला मालक काम सांगणारा ठरतो. तुम्ही स्वतःहून काढलेले निसर्गचित्र विकले, तर कॅनव्हास ग्राहकाकडे जातो, पण कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो. ऑर्डरच्या व्यक्तिचित्रात मात्र, काही लिहून ठेवले नसेल तर, दोन्ही जातात. म्हणून कॉपीराइट चित्रकाराकडे राहील आणि छपाईसाठी वेगळी लेखी परवानगी लागेल, हे वाक्य काम सुरू होण्यापूर्वीच करारात यायला हवे. नंतर हक्क परत मिळवायचा झाला, तर तो ग्राहकानेच लेखी स्वरूपात तुमच्या नावे करून द्यावा लागतो, आणि तसे सहसा कोणी करत नाही. तरीही धीर सोडू नये. कॉपीराइट दुसऱ्याकडे गेला, तरी कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा आणि नावलौकिकाला बाधा आणणाऱ्या मोडतोडीला हरकत घेण्याचा अधिकार कलम ५७ नुसार चित्रकाराकडेच राहतो. माझे नाव पुढच्या छपाईत आले, ते याच कलमाच्या आधारे पत्र लिहिल्यावर.

पैशाची बोलणी कलावंताला शोभत नाहीत, असे शिकवणारे गुरू मला मान्य नाहीत. त्यांच्या विद्यार्थ्यांनी फुकट केलेली कामे मी पाहिली आहेत. अठराव्या शतकात लंडनमध्ये व्यक्तिचित्रकार जोशुआ रेनॉल्ड्स यांचे दर कॅनव्हासच्या आकारानुसार ठरलेले असत आणि निम्मी रक्कम ते पहिल्या बैठकीलाच घेत. आपणही निम्मी आगाऊ घ्यावी आणि फ्रेम व वाहतूक वेगळी धरावी. मोबाइलवरचा फोटो प्रोजेक्टरने कॅनव्हासवर उतरवून वेळ वाचतो हे खरे, परंतु अशा चित्रातील चेहरा सपाट राहतो, आणि घरच्या माणसांना ते लगेच जाणवते.

साम्यावरून होणारे वादही आधीच टाळता येतात. पसंती कुटुंबातील कोणती एक व्यक्ती देणार, तिचे नाव करारात घालावे. कोळशाच्या रेखाटनापर्यंतचे बदल विनामूल्य आणि रंग चढल्यानंतरचे सशुल्क ठेवावेत. करार मराठीत, एका पानाचा चालतो. त्याच्या दोन प्रती काढून दोन्हींवर दोघांच्याही सह्या घ्याव्यात, आणि आगाऊ रकमेच्या पावतीवर त्याच कराराची तारीख लिहावी.