नेट गेल्यावर लोक काय काय करतात: या चुका टाळा

केबल टीव्हीच्या जमान्यापासून बार्शीत खांबावर चढतोय, आता फायबरचं ब्रॉडबँड देतो. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. बिघाड बहुतेक वेळा छोटाच असतो. तो मोठा होतो तो नेट गेल्यापासून आमचा माणूस दारात येईपर्यंत. तेवढ्या वेळात कुणालाही गप्प बसवत नाही. कुणी राउटरच्या भोकात टाचणी घालतं, कुणी गुगलवर आमचा नंबर शोधत बसतं. पहिल्यात आमचा वेळ जातो, दुसऱ्यात तुमचे पैसे. म्हणून या दोन गोष्टींवर जरा सविस्तर बोलतो, बाकीच्या जाता जाता.

टाचणी बाजूला ठेवा

राउटरच्या मागे एक बारीक भोक असतं आणि त्याच्यापाशी 'रिसेट' लिहिलेलं असतं. यूट्यूबवरच्या कुणीतरी सांगितलेलं असतं की दहा सेकंद दाबून धरा, नेट फ्रेश होतं. होतं ना, इतकं फ्रेश होतं की आत काही शिल्लक राहत नाही. तुमचा युजरनेम, पासवर्ड, आम्ही भरलेली व्हीलॅनची (राउटर आमच्या लाइनशी जुळवायची) सेटिंग, वायफायचं नाव, सगळं पुसून जातं. आमच्याकडच्या बऱ्याच राउटरमध्ये हे ऑफिसात बसून परत भरता येत नाही. माणूसच पाठवावा लागतो.

बंद करून चालू करणं वेगळं, रिसेट वेगळं. बटण बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करा आणि पुढची तीन मिनिटं त्याच्याकडे बघूच नका. लोकांचा धीर सुटतो तो इथंच. दिवे नीट लागायच्या आत परत बंद, परत चालू. राउटरला जागं तरी होऊ द्या.

आणि त्याही आधी दिवे बघा. एलओएस नावाचा दिवा लाल असेल तर फायबरमधून उजेडच येत नाहीये. तार तुटली असेल, कपाटाखाली दबली असेल, नाहीतर प्लग निसटला असेल. अशा वेळी राउटरला काहीही करा, नेट येणार नाही. तो दिवा लाल नसेल, पॉनचा (फायबरची लाइन जुळल्याचा) हिरवा दिवा स्थिर असेल आणि तरी नेट नसेल, तर आधी रिचार्ज संपलाय का ते बघा. हसू नका, महिन्याच्या सुरुवातीला येणारे बरेच फोन याच कारणाचे असतात.

मागच्या पावसाळ्यात उपळाई रोडला पाइपलाइनच्या खोदाईत जेसीबीनं आमची मुख्य केबल उचकटली. अख्खा भाग बंद. आमची पोरं रात्री ताडपत्रीखाली बसून केसाएवढा एकेक धागा जोडत होती. उजाडायच्या आत लाइन चालू झाली, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तसा मेसेजही टाकला. आणि मग फोन सुरू झाले: "शेठ, शेजाऱ्यांचं आलं, आमचंच कसं नाही?" घरी जाऊन बघावं तर राउटर कोरा. असा एक नाही, ओळीनं निघाले. एका घरात बारावीतल्या पोरानं रिसेट तर केलंच, वर फायबरचा हिरवा प्लग उपटून आत डोळा लावून बघितलं आणि शर्टाच्या बाहीनं पुसून परत बसवला. फायबरमधला उजेड मोजायचा मीटर लावला तर वजा एकोणतीस डीबीएम. चांगली लाइन वजा वीसच्या आसपास दाखवते, वजा सत्तावीसच्या पलीकडे गेली की राउटर मान टाकतो. त्या प्लगचं टोक आठ अंशांत तिरकं घासलेलं असतं, धुळीचा एक कणही त्याला पुरतो. शिवाय आतला लेझर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो नाहीच असं समजू नका. जेसीबीचं काम आम्ही एका रात्रीत निस्तरलं, टाचण्यांचं निस्तरायला पुढचे कितीतरी दिवस गेले.

हे वाचून कुणाला वाटेल की शेठला गिऱ्हाइकानं काही शिकलेलं नको आहे. तसं नाही. शिकायचं असेल तर ऑफिसला या, जुना राउटर देतो, तो उघडून बघा. चालू घरातल्या एकुलत्या एका राउटरवर शिकू नका, एवढंच.

गुगलवरचं 'कस्टमर केअर'

आता दुसरी चूक. हिच्यावर बोलताना माझा आवाज चढतो, आधीच सांगतो.

आमचे एक निवृत्त मास्तर आहेत, अतिशय नेमका माणूस, बिलाची पावती फाइलला लावणारा. एका संध्याकाळी त्यांचं नेट गेलं. आमचा फोन लागेना, कारण त्या वेळी सगळी गल्लीच फोन करत होती. मास्तरांनी गुगलवर 'ब्रॉडबँड कस्टमर केअर नंबर' असं टाकलं आणि वर जो नंबर आला तो लावला. पहिल्याच रिंगला उचलला. तिथंच शंका यायला हवी होती, आमच्या धंद्यात पहिल्या रिंगला कोण उचलतं? समोरचा फार आदबीनं बोलला. आमची ऑफिसातली पोरं कधी इतक्या आदबीनं बोलली नाहीत, हे मास्तरांनीच मला नंतर ऐकवलं.

तो म्हणाला, तुमची केवायसी संपलीय, दहा रुपये भरा, लाइन लगेच चालू होते. भरता येत नसेल तर एनीडेस्क घ्या, मी दाखवतो. मास्तरांनी ते ॲप घेतलं, त्यावर आलेला आकड्यांचा कोड वाचून दाखवला आणि त्या क्षणापासून त्यांच्या मोबाइलचा स्क्रीन तिकडे दिसायला लागला. कार्डाचा नंबर, पाठोपाठ आलेला ओटीपी, सगळं. दहा रुपये हा नुसता बहाणा असतो, तुम्ही कार्ड काढून बसावं म्हणून. थोड्या वेळानं खात्यातून दोनदा मोठी रक्कम गेली.

खरी चूक मात्र याच्या पुढची आहे. मास्तरांनी ती रात्र गप्प काढली. पोरगा पुण्याला असतो, त्याला कळलं तर ओरडेल, म्हणून. सकाळी माझ्याकडे आले ते सुद्धा "शेठ, तुम्ही दहा रुपये कशाला मागितले?" असं विचारत. तिथून १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावला, तक्रार नोंदवली, बँकेत गेलो. थोडी रक्कम पुढच्या एका खात्यात अडवता आली, बाकीची रातोरात पुढे सरकली होती. १९३० ला लवकर कळलं तर पैसा खात्याखात्यांतून फिरत असतानाच बँकांना तो गोठवता येतो. सकाळपर्यंत त्यातला बराचसा काढून झालेला असतो. घरातल्या पोरांनाही सांगतो, आईबापांवर ओरडायचं ते नंतर ओरडा, आधी फोन लावा.

बँकेचा नियमही असाच आहे. रिझर्व्ह बँकेनं जुलै २०१७ च्या परिपत्रकात सांगितलं की ओटीपी किंवा पिन ग्राहकानंच देऊन टाकला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे उशिराच्या प्रत्येक तासाचा हिशेब तुमच्याच खात्यावर पडतो. आणि एनीडेस्कबद्दल याच रिझर्व्ह बँकेनं २०१९ च्या फेब्रुवारीतच सावध केलं होतं. ॲप वाईट नाही, आम्हीही ऑफिसात वापरतो. पण ओळखीच्या माणसाला, आपण होऊन बोलावलेल्या माणसालाच कोड द्यायचा.

गुगलच्या नकाशावर दुकानाची नोंद कुणीही करू शकतो, नंबरात बदल सुचवू शकतो, पैसे भरून जाहिरात वर आणू शकतो. वर दिसला म्हणजे खरा, असं काही नसतं. माझी सवय साधी आहे: नवीन जोडणी दिली की राउटरवर आमच्या नंबरचं स्टिकर लावतो आणि समोर उभं राहून घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये 'नेटवाले' म्हणून तो सेव्ह करायला लावतो. लोक वैतागतात. वैतागू देत. आमचा कुठलाही माणूस बँकेचा ओटीपी मागत नाही आणि यूपीआयचा पिन तर पैसे पाठवायलाच लागतो, घ्यायला कधीच लागत नाही.

आता भराभर

लग्नपत्रिका, आरटीओचं चलन, पीएम किसानची यादी या नावानं व्हॉट्सॲपवर एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल येते. लग्नपत्रिका फोटो असते नाहीतर पीडीएफ, ती 'इन्स्टॉल' करावी लागत नाही! दाबून बसला असाल तर मोबाइलचा डेटा आणि वायफाय दोन्ही बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला व १९३० ला कळवा. असली ॲप तुमचे मेसेज परस्पर पुढे पाठवतात, त्यामुळे ओटीपी कुणी विचारतसुद्धा नाही.

वायफायचा पासवर्ड म्हणून स्वतःचा मोबाइल नंबर ठेवू नका. तो दूधवाल्यापासून सगळ्यांकडे असतो. "वापरू दे की शेजाऱ्यांना, आपलं काय जातं" म्हणणाऱ्यांना मी २००८ ची गोष्ट सांगतो. २६ जुलैला अहमदाबादमध्ये स्फोट झाले, त्याच्या काही मिनिटं आधी आलेल्या धमकीच्या ईमेलचा माग नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत गेला. तिथं राहणाऱ्या अमेरिकन माणसानं तो पाठवला नव्हता. त्याच्या वायफायला नीट कुलूप नव्हतं, एवढंच. पण एटीएसची चौकशी त्याच्याच मागे लागली. नेट ज्याच्या नावावर, पोलीस आधी त्याच्याच दारात येतात. भाडेकरूला नेट द्यायचं असेल तर त्याच्या नावानं वेगळी जोडणी घ्या.

राउटरचा ॲडमिन पासवर्ड 'ॲडमिन' असाच ठेवू नका. आमचं पोरगं तसाच ठेवून गेलं असेल तर मला सांगा, त्याला मी बघतो.

गेमिंगसाठी म्हणून कुठलाही डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर) टाकणाऱ्या मित्रांना एवढंच विचारतो, तो कुणाचा आहे हे माहीत आहे का?

फायबरची पिवळी तार खिळ्याला गुंडाळू नका. ती वाकली की उजेड बाहेर सांडतो.

सेटटॉप बॉक्सचा ॲडॉप्टर राउटरला लावू नका. पिन बसते, पण व्होल्ट आणि अँपिअर जुळतीलच असं नाही. मागे लिहिलेलं वाचा. कमी अँपिअरचा असेल तर राउटर दर थोड्या वेळानं आपोआप बंद-चालू होतो आणि शिव्या आम्हाला बसतात.

विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे कंपनीकडून येणारे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुकानातल्या ज्या कॉम्प्युटरवरून जीएसटी भरता आणि बँक उघडता, तो तरी बदला किंवा सुधारून घ्या. आणि त्यावर मायक्रोसॉफ्टचं चोरीचं, 'फुकटचं ऑफिस' टाकून देणाऱ्या माणसाला पुन्हा बोलावू नका.

राहिली वेगाची तक्रार. १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर फाइल उतरवताना १२ एमबी दिसते म्हणून भांडायला येऊ नका. प्लॅन बिटांत मोजतात, फाइल बाइटांत. आठ बिटांचा एक बाइट होतो, १०० ला आठनं भागलं की साडेबारा येतात, ते बरोबर आहे. राउटर टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटात कोंडून आतल्या खोलीत वेग मोजू नका. लॅपटॉपला केबल लावा, घरातली बाकीची साधनं बंद करा, मग मोजा. तरीही वेग कमी आला तर खुशाल भांडायला या, फक्त स्क्रीनशॉट घेऊन या.