जुन्या गाडीत सीडी प्लेअर बसवताय? या चुका टाळा

सीडी अडकते, आवाज फाटतो, रात्रीतून बॅटरी बसते. जुन्या मारुती ८०० मध्ये, ओम्नीत किंवा अँबेसेडरमध्ये सीडी प्लेअर बसवला की या तीन तक्रारी ठरलेल्या. तिन्हींचं खापर आधी सेटवर फुटतं. ‘लेन्स गेली’ असं कुणीतरी सांगतं, सेट खोलला जातो आणि कालपर्यंत बरा असलेला सेट त्या खोलण्यातच जातो. माझं मत विचाराल तर आधी वायरी तपासा, मग सेट बसवलाय ती जागा, मग तबकडी. सेट सगळ्यात शेवटी.

कपलर कापण्याची घाई

जुना टेप काढला की मागे कपलर, म्हणजे सगळ्या वायरींचा प्लास्टिकचा जोड, लोंबताना दिसतो. तो कापून वायरीला वायर पिळली की काम दहा मिनिटांत होतं, म्हणून बरेच जण तेच करतात. सेटच्या वायरींचे रंग बहुतेक कंपन्या सारखेच ठेवतात: पिवळी कायम बॅटरीची, लाल चावीवरची (चावी फिरवली की वीज येते ती), काळी अर्थची, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडायची. गाडीच्या वायरींचं तसं नसतं. गाडी तीन मालकांच्या हातून आली असेल तर मागच्या कुणी लाल संपली म्हणून हिरवी जोडलेली असते. रंगावर विसंबू नका. टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर लावा आणि चावी काढून एकदा, फिरवून एकदा, असं बघा. कापण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. गाडीसोबत आलेला कंपनीचा सेट दुसऱ्या जागी हलवणार असाल तर बॅटरीची वायर काढण्याआधी त्याचा कोड हाताशी आहे का ते पाहा. काही सेट वीज तुटली की कोड मागतात आणि तो मिळेपर्यंत गप्प बसतात.

पिवळी आणि लाल एकत्र

‘भाऊ, रातले गाडी उभी करी, सकायले सुरूच नही व्हयनी!’ असं कुणी म्हणालं की मी आधी या दोन वायरी बघतो. चावीवरची वायर सापडली नाही की पिवळी आणि लाल एकत्र पिळून थेट बॅटरीवर टाकतात. सेट वाजतो, पण चावी काढल्याचं त्याला कळतच नाही. बटण दाबून बंद करायला विसरलात की तो जागाच राहतो. समजा त्याने अर्धा अँपिअर जरी ओढला, तरी दोन दिवसांत २४ अँपिअर-तास जातात. लहान गाडीच्या ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत मग स्टार्टर फिरवायला काय उरणार?

उलटी चूकही होते. दोन्ही वायरी चावीवर टाकल्या, किंवा पिवळीच्या जागी लाल गेली, तर बॅटरी वाचते, पण गाडी बंद केली की घड्याळ, रेडिओची स्टेशनं, आवाजाची सेटिंग सगळं पुसलं जातं. रोज ‘विसरणारा’ सेट बहुतेक वेळा बिघडलेला नसतो.

बॅटरी कशामुळे उतरते ते मोजता येतं. सगळं बंद करा, दारं लावा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ती आणि टर्मिनल यांच्या मध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून जोडा. ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त दिसलं तर सेटचा फ्यूज काढून बघा. आकडा खाली आला की चोर सापडला. मीटर जोडलेला असताना स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. पिवळी वायर बॅटरीवरून नवी ओढली असेल तर तिचा फ्यूज बॅटरीजवळच हवा, आणि इंजिनाकडच्या पत्र्यातून ती आत येते तिथे भोकाला ग्रोमेट, म्हणजे रबरी कडं, हवं. पत्र्याच्या धारेने घासून वायर सोलली गेली की धूर निघतो.

अर्थ आणि स्पीकरची मायनस

काळी वायर डॅशबोर्डच्या एखाद्या स्क्रूला गुंडाळून मोकळे होऊ नका. तो स्क्रू अनेकदा प्लास्टिकात असतो, नाहीतर रंगावर. पॉलिश पेपरने रंग खरवडून उघड्या पत्र्यावर रिंग टर्मिनल आवळा. आवाज मोठा करून सेटची बॉडी आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात व्होल्टेज मोजा. ते ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थ कच्चा आहे.

कच्च्या अर्थचा दुसरा पुरावा कानाला मिळतो. रेस वाढवली की शिट्टी चढत जाते, तो बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा आवाज. टकटक ऐकू येत असेल आणि गाडी पेट्रोलची असेल तर इग्निशनकडे बघा. अँप्लिफायर असेल तर त्याची सिग्नलची केबल आणि बॅटरीची वायर गाडीच्या एकाच बाजूने नेऊ नका.

फार जुन्या गाड्यांत एक छुपा धोका असतो. स्पीकरची मायनस वायर वेगळी न आणता बॉडीवर टाकलेली असते. त्या वेळच्या टेपला ते चालायचं. सीडीच्या सेटमध्ये मात्र स्पीकरच्या दोन्ही वायरींवर बॅटरीच्या निम्मं, म्हणजे सहाएक व्होल्ट असतं. त्यातली एक बॉडीला लागली की सेट स्वतःला बंद करतो, नाहीतर आतला आयसी (चिप) जळतो. आवाज वाढवला की सेट बंद पडून पुन्हा सुरू होतो, हे त्याचं लक्षण. सेट सोडवून स्पीकरची प्रत्येक वायर आणि बॉडी यांच्यात मल्टिमीटरने जोड बघा. बीप वाजला तर स्पीकरपर्यंत दोन नव्या वायरी ओढाव्याच लागतील, त्याला शॉर्टकट नाही.

याच वेळी प्लस-मायनसही बघून घ्या. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल स्पीकरला क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला तर सेलच्या प्लसकडची वायर प्लस. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर ढोलाचा ठोका हरवतो, आणि लोक नवे स्पीकर घ्यायला निघतात.

जोडांचं एकच सांगतो. पिळून काळी टेप लावलेले जोड आपल्याकडे टिकत नाहीत. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो, बंद गाडीत त्याहून जास्त. टेपचा डिंक पातळ होतो, टेप सुटते आणि उघड्या वायरी एकमेकींना भिडतात. सोल्डर करा, वर हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवा.

जागा चुकली की सीडी अडकणारच

सीडीवरच्या रेघांमध्ये १.६ मायक्रॉनचं अंतर असतं. लेसरने ती रेघ धक्क्यातही धरून ठेवावी म्हणून आतली यंत्रणा स्प्रिंग आणि रबरावर तरंगती ठेवलेली असते, आणि ती साधारण आडव्या बसवणीसाठी जुळवलेली असते. सेट उभा किंवा फार तिरका लावला की चाळीसगावहून कन्नडचा घाट चढेपर्यंत गाणं दहा वेळा तुटतं. किती कल चालतो हे सेटच्या पुस्तिकेत असतं, तेवढाच ठेवा. डिकीतल्या सीडी चेंजरच्या (एकावेळी अनेक सीडी घेणाऱ्या डब्याच्या) बाजूला बहुधा आडवा-उभा असं निवडायचे स्क्रू असतात. चेंजर सीटखाली हलवताना ते फिरवायचे राहून जातात. नव्या सेटच्या वरचे वाहतुकीचे स्क्रूही आधी काढा, ते राहिले तर यंत्रणा जखडलेलीच राहते.

सेटच्या पाठीमागे एक बोल्ट असतो, त्याला पत्र्याची पट्टी लावून मागून आधार द्यायचा असतो. पुढची चौकट घट्ट बसली की पुरे, असं समजून तो बहुतेक जण सोडून देतात. मग सेटची पाठ खड्ड्यागणिक डुलते. सीडी अडकण्याच्या तक्रारींत मी आधी हाच बोल्ट बघतो.

चौकटीला १८२ बाय ५३ मिलिमीटरची जागा लागते. मागे सेटची खोली आणि शिवाय वायरींसाठी दोन-तीन बोटं सोडा, हवाही खेळायला हवी. ओम्नीत पुढच्या सीटखाली इंजिनच असतं, तिथला विचारही करू नका. डॅशबोर्डवर काचेखाली ठेवाल तर उन्हात सेट तापून थांबेल. सगळीकडे धूळच, त्यात कापसाच्या हंगामात हवेत तंतूही उडतात. सीटखाली ते थेट फटीत जातात. ग्लोव्ह बॉक्स बरा, पण मागचा पुठ्ठा कापून वारा येऊ द्या.

जागा बदलली की अँटेनाची केबलही लांबवावी लागते. ती साध्या वायरीसारखी पिळू नका, तयार एक्स्टेंशन लावा, नाहीतर आकाशवाणी जळगावसुद्धा खरखरेल. निळी वायर सेटमधून बाहेर वीज देते, तिला बॅटरी जोडू नका.

आणि तबकडी

जत्रेत, बसस्टँडवर अहिराणी गाण्यांच्या ज्या तबकड्या घेतल्या, त्यात व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओच्या सीडीही असतात. साधा ऑडिओ सेट त्या वाजवत नाही, कितीही लेन्स पुसा. एमपी३ भरलेली सीडीही जुने सेट घेत नाहीत, सेटच्या तोंडावर तसं लिहिलंय का ते बघा. घरी लिहिलेल्या सीडीवर कागदी स्टिकर चिकटवू नका. उन्हात ते सुटून आत गुंडाळतात आणि सीडी बाहेर येत नाही. थंडीत सकाळी सेट ‘एरर’ दाखवत असेल तर लेन्सवर दव धरलेलं असू शकतं. तासभर थांबून पुन्हा लावा. जुना सेट विकत घेताना दुकानात विकतची एक ऑडिओ सीडी आणि घरी लिहिलेली एक, दोन्ही वाजवून बघा, आणि वाजत असताना सेटला वरून दोन टिचक्या मारून गाणं तुटतं का ते बघा.