पिकअप ट्रकवर परफॉर्मन्स ट्यूनर कसा वापरावा

फोर्ड एफ-१५० किंवा शेव्हरोले सिल्वराडोसारख्या अमेरिकी पिकअप ट्रकमध्ये स्पार्क नेमका केव्हा पडावा, इंधन किती फवारले जावे, टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राचा) दाब कुठवर चढावा आणि गिअर कधी बदलावा, हे सारे संगणक ठरवतो. हातात मावणारा ट्यूनर या संगणकातले तक्ते नव्याने लिहितो. इंजिनात नवा भाग कोणताच बसत नाही. कंपनीने ते तक्ते साधे पेट्रोल, कडक उन्हाळा, लांबलचक चढ आणि मागे जोडलेला जड ट्रेलर हे सगळे एकदम वाट्याला येऊ शकते असे धरून बेतलेले असतात, आणि ट्यूनर जी जादा ताकद देतो ती या राखून ठेवलेल्या सुरक्षिततेतूनच काढून देतो. म्हणून प्रत्यक्ष काम अर्ध्या तासाचे असले, तरी तयारी काही दिवस आधी सुरू करावी, असा माझा आग्रह आहे.

ट्यूनर घेण्यापूर्वी आपले इंजिन कोणते आहे ते पाहावे. एफ-१५० मध्ये २०११ च्या मॉडेलपासून मिळणाऱ्या ३.५ लिटर इकोबूस्टला दोन टर्बो आहेत. तिथे हवेचा दाब वाढवता येत असल्यामुळे फरक चांगला जाणवतो. त्याच ट्रकच्या ५ लिटर व्ही-८ इंजिनाला टर्बो नसल्याने ताकदीतली वाढ माफक असते आणि बराचसा बदल अॅक्सिलरेटरच्या तत्परतेत दिसतो. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी त्या ट्यूनरला राज्याच्या हवा संसाधन मंडळाचा कार्यकारी आदेश क्रमांक मिळालेला आहे आणि त्यात आपले मॉडेल व वर्ष आहे, याची खात्री करावी. ट्यूनरमधून ट्रकमध्ये घालायच्या तक्त्यांच्या संचाला फाइल म्हणतात. डिझेल ट्रकचा धूर गाळणारा फिल्टर किंवा ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवणारी यंत्रणा) बंद करणारी फाइल मात्र अमेरिकेत कुठेही घालू नये. ते संघीय स्वच्छ हवा कायद्याचे उल्लंघन आहे, आणि मागच्या गाडीतल्या माणसाला तो धूर श्वासात घ्यावा लागतो.

तयारीत सर्वांत महत्त्वाचे आहे ते पेट्रोल. ऑक्टेनचा आकडा जितका वरचा, तितके पेट्रोल दाबाखाली आपोआप पेटण्याला अधिक दाद देत नाही. ट्यूनरमध्ये ८७, ९१ आणि ९३ ऑक्टेनसाठी वेगवेगळ्या फाइली असतात, आणि टाकीतल्या पेट्रोलपेक्षा वरच्या ऑक्टेनची फाइल कधीही निवडू नये. भारतातून आलेल्यांची इथे गफलत होऊ शकते. भारतात पंपावरचा आकडा ऑक्टेन मोजण्याच्या ‘रिसर्च’ नावाच्या पद्धतीचा असतो, तर अमेरिकेत ‘रिसर्च’ आणि ‘मोटर’ या दोन पद्धतींची सरासरी लिहितात; त्यामुळे अमेरिकेतले ८७ हे साधारण भारतातल्या ९१-९२ च्या जवळ जाते. शिवाय टेक्सासमध्ये ९३ सहज मिळते, कॅलिफोर्नियात प्रीमियम म्हणजे बहुधा ९१, आणि कोलोरॅडोच्या डोंगराळ भागात साधे पेट्रोल ८५ चे असते. रोज जिथे भरतो तिथे मिळणाऱ्या पेट्रोलचीच फाइल निवडावी, आणि जुने पेट्रोल जवळजवळ संपल्यावर नवे भरून मगच ती घालावी. इंजिनाचा दिवा लागत असेल किंवा स्पार्क प्लग झिजले असतील, तर आधी ती दुरुस्ती करावी.

आता प्रत्यक्ष काम. बॅटरी चांगली भारित असावी, आणि शक्यतो लिहिण्याच्या वेळात पुरेसा आधार देणारा बॅटरी चार्जर जोडावा, कारण फाइल लिहिली जात असताना बॅटरीचा दाब एकदम खाली गेला तर ट्रक जागेवरच अडकून पडू शकतो. पंखा, रेडिओ, दिवे आणि चार्जिंगला लावलेला फोन बंद करावा. स्टिअरिंगच्या खाली गाडीच्या संगणकाशी जोडणी करण्याचा १६ पिनांचा ओबीडी-२ पोर्ट असतो. १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या गाड्यांना तो सक्तीचा आहे. त्यात केबल घट्ट बसवून, इंजिन सुरू न करता इग्निशन चालू करावे. ट्यूनर आधी कंपनीची मूळ फाइल वाचून साठवतो. ही फाइल म्हणजे परतीची वाट आहे, त्यामुळे ट्यूनर पाहिजे तेव्हा हाताशी येईल असाच जपून ठेवावा. बहुतेक ट्यूनर एका वेळी एकाच गाडीशी बांधले जातात, म्हणून जुना ट्यूनर विकत घेताना तो आधीच्या गाडीपासून मोकळा केलेला आहे का, हे विचारून घ्यावे.

मग फाइल निवडावी. टायर मोठे बसवले असतील तर त्यांचे मापही इथेच भरावे, नाहीतर स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवत राहील. लेखन सुरू झाल्यावर केबलला हात लावू नये, दार उघडू नये आणि पडद्यावर सूचना येईपर्यंत किल्ली फिरवू नये.

पहिले काही दिवस ट्रक सावकाश चालवावा, कारण गिअरबॉक्सला नव्या तक्त्यांची सवय व्हायला वेळ लागतो. त्यानंतर ट्यूनरच्या नोंदी घ्याव्यात. अॅक्सिलरेटर जोरात दाबल्यावर नॉक सेन्सरच्या (इंजिनातला ठोका टिपणाऱ्या सेन्सरच्या) इशाऱ्यावर संगणक स्पार्क वारंवार मागे खेचत असेल, तर सिलिंडरमधले काही मिश्रण ज्वाला पोहोचण्याआधीच आपोआप पेटत आहे. कानाला काही ऐकू आले नाही तरी हा आकडा खरा मानावा आणि त्याच दिवशी खालच्या ऑक्टेनच्या फाइलवर परतावे. चालवताना पडदा पाहत बसू नये. नोंद साठवून घरी वाचावी. ट्रेलर ओढायचा असेल तेव्हा ओझ्यासाठीची सौम्य फाइल घालावी आणि गिअरबॉक्सच्या तेलाच्या तापमानावर लक्ष ठेवावे.

डीलरकडे सर्व्हिसिंगला देण्यापूर्वी मूळ फाइल परत घालणे योग्य, कारण तिथे संगणकात नवी आवृत्ती भरली गेली तर आपली ट्यून, म्हणजे आपण घातलेली फाइल, पुसली जाते. हे वॉरंटी देणाऱ्या कंपनीपासून ट्यूनर लपवण्याचे साधन मात्र नव्हे. बिघाड झाल्यास आपण ट्यूनर वापरला आहे हे सांगावे. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार केवळ ट्यूनर लावला एवढ्यावरून सगळी वॉरंटी रद्द होत नाही, पण ट्यूनमुळेच झालेल्या बिघाडाचा खर्च कंपनी नाकारू शकते. ट्रक परत आल्यावर जुनी फाइल तशीच घालू नये. आधी ट्यूनर घरच्या संगणकाला जोडून अद्ययावत करावा, ट्रकमधली नवी आवृत्ती त्याला ओळखता येते का ते पाहावे, आणि मूळ फाइल पुन्हा एकदा साठवून मगच ट्यून लिहावी.