टेबलावरचे गुलाब माना टाकायला लागले तेव्हा

लग्नाच्या बारा टेबलांची सजावट मी आदल्या रात्रीच करून ठेवली होती. सकाळी पाहते तर निम्म्या गुलाबांनी माना टाकलेल्या! आधी फुलांनाच दोष दिला. पण देठ खोचायचा, पाणी धरून ठेवणारा एक हिरवा फोम सुरीने मधोमध कापला आणि चूक समोर आली. बाहेरून ओलाचिंब, आत ठणठणीत कोरडा.

घाईत मी फोमच्या विटा पाण्यात हाताने दाबून बुडवल्या होत्या. तसं केलं की बाहेरचा थर आधी भिजतो आणि हवा आतच अडकते. वीट पाण्यावर नुसती सोडायची; ती स्वतःच पाणी पीत खाली जाते. एक-दोन मिनिटांचं काम, पण तेवढा धीर कुणाला असतो? शिवाय काही देठ मी खोचून, न आवडल्याने थोडे वर ओढले होते. त्यांच्या टोकाखाली पोकळी राहिली, म्हणजे तिथेही पाणी नाही.

मग गुलाब काढले, देठ दोन-तीन सेंटिमीटर तिरके कापले, माना सरळ राहतील असे कागदात घट्ट गुंडाळले आणि कोमट पाण्यात खोल उभे केले. तास-दीड तासात बहुतेक सावरले. चार-पाच गेलेच, त्यांच्या पाकळ्या मेणबत्त्यांभोवती पसरल्या. (हे नंतर सगळ्यात जास्त आवडलं, काय बोलणार!)

कोरडा निघालेला फोम पुन्हा नीट भिजत नाही, म्हणून नव्या विटा घेतल्या. यावेळी हात पाठीमागे बांधून.