कोलंबसला नव्याने आलात? शिकागोच्या आधी फिफ्थ स्ट्रीट पाहा

पुण्याहून कमिन्स या इंजिनं बनवणाऱ्या कंपनीत बदली होऊन इंडियानातल्या कोलंबसला आलेली आपली कितीतरी कुटुंबं सुरुवातीचे शनिवार-रविवार शिकागो नाहीतर इंडियानापोलिसच्या रस्त्यावर घालवतात. विमानतळापासून इथपर्यंत दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीनच दिसलेलं असतं, तेव्हा या गावात पाहण्यासारखं काय असणार, असं वाटणं साहजिक आहे. पण जेमतेम पन्नास हजार वस्तीच्या या गावातल्या सात वास्तूंना ‘नॅशनल हिस्टॉरिक लँडमार्क’ हा केंद्र सरकारचा सर्वोच्च दर्जा मिळाला आहे. आणि त्या लांबून फोटो काढण्यापुरत्या नाहीत, बहुतेक रोजच्या वापरातल्या आहेत.

सामान लागलं की पत्त्याचा पुरावा घेऊन फिफ्थ स्ट्रीटवरच्या क्लिओ रॉजर्स ग्रंथालयात जा आणि घरातल्या सगळ्यांची कार्डं काढा. हे ग्रंथालय वास्तुकार आय. एम. पेई यांनी बांधलं, 1969 मध्ये. समोरच्या चौकात शिल्पकार हेन्री मूर यांची ब्राँझची प्रचंड कमान आहे. लहान मुलं तिच्याखालून पळत असतात, कुणी रागवत नाही. रस्त्यापलीकडे वास्तुकार एलिएल सारिनेन यांचं 1942 चं फर्स्ट ख्रिश्चन चर्च. अमेरिकेतल्या पहिल्या आधुनिक चर्चपैकी हे एक, सरळसोट चौकोनी मनोऱ्याचं. त्यांचा मुलगा एरो सारिनेन याने याच गावात काचेच्या भिंतींची आयर्विन युनियन बँक बांधली, 1954 मध्ये. बँक म्हणजे गजाआडचे कारकून, ही रीत त्याने इथे मोडली. आज ती इमारत कमिन्सची आहे, त्यामुळे एखाद्या मीटिंगच्या निमित्ताने तुम्ही आत जालच. तेव्हा दोन मिनिटं मान वर करून छत जरूर पाहा.

मक्याच्या शेतांमधल्या गावात हे सगळं आलं कुठून? 1950 च्या दशकात इथे मुलं वाढत होती आणि शाळा कमी पडत होत्या. कमिन्सचे प्रमुख जे. आयर्विन मिलर यांनी शाळामंडळापुढे एक प्रस्ताव ठेवला: आम्ही सुचवलेल्या चांगल्या वास्तुकारांपैकी एक तुम्ही निवडा, त्याची फी कमिन्स फाउंडेशन देईल. अशी पहिली शाळा हॅरी वीज यांची, 1957 ची श्मिट प्राथमिक शाळा. पुढे अग्निशमन केंद्रांपर्यंत ही पद्धत पोचली. कंपनीने गावाला द्यायच्या देणग्यांमध्ये याहून दूरदृष्टीची देणगी मला माहीत नाही. मुलांच्या शाळेत पालकसभेला जाल तेव्हा इमारत कुणी बांधली ते विचारा, शिक्षक अभिमानाने सांगतात.

मिलर यांचं स्वतःचं घरही एरो सारिनेननेच बांधलं. ते पाहायला आधी तिकीट काढावं लागतं आणि गाडी फिफ्थ स्ट्रीटवरच्या व्हिजिटर्स सेंटरहून सुटते. भारतातून आई-बाबा येणार असतील तर तारीख ठरली की लगेच जागा राखून ठेवा. त्यांना सोपं पडेल असं दुसरं ठिकाण म्हणजे 1874 चं कौंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, कोर्टहाऊस, लाल विटांचं, उंच घड्याळ-मनोऱ्याचं. शेजारी युद्धात गेलेल्यांचं स्मारक आहे: चुनखडी दगडाचे 25 उंच खांब, आणि त्यांवर सैनिकांच्या नावांबरोबर त्यांनी घरी लिहिलेल्या पत्रांतला मजकूर कोरलेला. तिथे घाई करू नका. नंतर वॉशिंग्टन स्ट्रीटवर 1900 साली सुरू झालेल्या झाहाराकोसमध्ये आइस्क्रीम खा.

चर्च पाहायला रविवारच्या प्रार्थनेच्या वेळी कॅमेरा घेऊन शिरू नये, एवढं पाळलं की पुरे. इतर दिवशी कार्यालयात विचारलंत तर आपुलकीने आत नेतात. नॉर्थ ख्रिश्चन चर्चची गोष्ट वेगळी आहे. 192 फुटी सुळक्याचं हे एरो सारिनेनचं काम त्याच्या मृत्यूनंतर, 1964 मध्ये पुरं झालं. सदस्य घटत गेले, 2022 मध्ये तिथली मंडळी, म्हणजे सदस्यांची संघटना, विसर्जित झाली आणि इमारत कौंटीच्या ग्रंथालयाकडे आली. म्हणजे तिची काळजी घेण्यात आता तुमच्या करातलाही वाटा आहे.

घर विकत घेताना जुन्या वस्तीतलं एखादं लाकडी घर मनात भरेल. घर ‘नॅशनल रजिस्टर’ या ऐतिहासिक वास्तूंच्या केंद्रीय यादीत आहे एवढ्यावरून घाबरू नका. स्वतःच्या पैशाने दुरुस्ती करणाऱ्या मालकावर ती यादी बंधन घालत नाही. बंधन येतं ते स्थानिक नियमांमुळे, म्हणून सही करण्याआधी शहराच्या नियोजन विभागात चौकशी करा. 1978 पूर्वीच्या घरात शिशाचा रंग असू शकतो. त्याबद्दल माहीत असेल ते विक्रेत्याने सांगितलंच पाहिजे, असा कायदा आहे. लहान मूल असेल तर तपासणी करूनच घ्या.

कौंटीची ओळख मात्र फक्त कोलंबसवर संपवू नका. ईशान्येला वीसेक मिनिटांवर होप आहे. 1830 मध्ये नॉर्थ कॅरोलिनाहून आलेल्या मोरावियन या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी वसवलेलं. मधोमध चौक, भोवती जुनी दुकानं, आणि चर्चजवळची दफनभूमी. मोरावियन रिवाजाप्रमाणे थडग्यांचे दगड जमिनीलगत सपाट असतात, श्रीमंताचा आणि गरिबाचा सारखाच. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी तिथे हेरिटेज डेज भरतात. गर्दी होते, सकाळी लवकर निघा.