स्पॅनिश वाचन शिकवताना या चुका टाळा: भावंडांच्या धड्यावरच गाडी का अडते?

मुलांसाठीच्या सोप्या स्पॅनिश पुस्तकांत स्वतःची ओळख करून देऊन झाली की लगेच भावंडं येतात. मला एक बहीण आहे, तिचं नाव आना, ती पाच वर्षांची आहे, आम्ही एकत्र खेळतो. संपला धडा. नवे शब्द दहा-बाराच, त्यामुळे घाईतले पालक आणि नवखे शिक्षक तो एका बैठकीत उरकून टाकतात आणि पुढच्या धड्यातल्या प्राण्यांकडे वळतात. मी सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना स्पॅनिश वाचायला शिकवते. माझ्याकडे अडकून आलेली बहुतेक मुलं याच धड्यावर अडकलेली असतात. आणि चूक मुलांची नसते, हे आधीच सांगून टाकते.

लोकांची सगळ्यात लाडकी चूक म्हणजे प्रत्येक स्पॅनिश ओळीखाली पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहून देणे. मुलाला सोपं जावं म्हणून केलेलं असतं, पण ते सोपं जातं म्हणूनच घात होतो.

एका सात वर्षांच्या मुलीला तिची आई घेऊन आली. दोन महिन्यांत पोरगी अख्खा धडा वाचते म्हणाली. पोरीने वही उघडली आणि एका दमात पान संपवलं, अडखळणं नाही, थांबणं नाही. मीही खूश झाले. मग सहज म्हणून त्याच धड्यातली चार वाक्यं क्रम बदलून कोऱ्या कागदावर लिहून तिच्यापुढे ठेवली. पोरगी कागदाकडे बघत राहिली. पहिल्या शब्दाला 'हर' असं काहीतरी म्हणाली, थांबली, कागद उलटा करून मागे पाहिलं आणि मला विचारलं, "खालची ओळ कुठंय?"

दोन महिने ती मराठीच वाचत होती. स्पॅनिश अक्षरं तिच्या लेखी चित्राभोवतीची नक्षी होती. 'एर्मानो' म्हणजे भाऊ, हे तिला पाठ होतं. तो शब्द एच या मुक्या अक्षराने सुरू होतो, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. ती सवय मोडायला आम्हाला तीन आठवडे लागले. कोऱ्या पाटीचं मूल तेवढ्या वेळात धडा वाचायला लागलं असतं.

शिवाय देवनागरीत स्पॅनिशमधल्या काही गोष्टी दिसतच नाहीत. बाबा या अर्थाच्या शब्दात जोर शेवटच्या अक्षरावर असतो आणि तिथे तिरपी रेघ काढतात. ती रेघ नसली तर तोच शब्द लॅटिन अमेरिकेत बटाटा होतो, आणि मोठ्या अक्षराने वगैरे न लिहिताही पोप होऊ शकतो. देवनागरीत तिन्ही 'पापा'. 'तू' आणि 'तुझा' यांतला फरक त्या एका रेघेचा; आपण दोन्हीकडे 'तू' लिहिणार. नमस्कार म्हणायला 'ओला', आणि समुद्राची लाटही 'ओला'. पहिल्याच्या सुरुवातीला एच आहे, दुसऱ्याच्या नाही. पुढे श्रुतलेखन आलं की ही मुलं भावाचा एच हमखास गाळतात. (या लेखात मीही सगळं देवनागरीतच लिहितेय. पण हा लेख तुमच्यासाठी आहे. मुलाच्या वहीत यातलं काही उतरवून ठेवू नका.)

मी काय करते, तर धड्याआधी पाच-सहा दिवस नुसती अक्षरजोड वाचून घेते. मा, मे, मी, मो, मू. स्पॅनिशला स्वर पाचच, आणि त्यांचे उच्चार शब्दागणिक बदलत नाहीत. बाराखडी म्हटलेल्या मुलाला हे खेळासारखं वाटतं. बाराखडीचं धाकटं भावंडच ते. रोज एक व्यंजन. एच आला की त्यावर फिकट पेन्सिलीने एक आडवी रेघ आणि त्याचं नाव 'झोपलेला'. मुलं तो दिसला की ओठांवर बोट ठेवतात. पद्धत वगैरे काही नाही, मला सवय लागलीय इतकंच. धडा पहिल्यांदा मी वाचते, मूल शब्दाखाली बोट सरकवतं. दुसऱ्यांदा दोघं मिळून. तिसऱ्यांदा ते एकटं. उच्चार चुकला तर शब्दावर पुन्हा बोट. लिहून द्यायचं नाही म्हणजे नाही.

दुसरी चूक पहिलीइतकीच जुनी: इंग्रजीच्या वाटेने स्पॅनिशकडे जाणं. लिपी एक म्हणून उच्चारही एक, असं मोठ्यांना वाटतं आणि मुलं ते उचलतात. मग 'से यामा' म्हणजे 'नाव आहे' हे 'से लामा' होतं, कारण दोन एल दिसले. (स्पॅनिश बोलणाऱ्या बहुतेक प्रदेशांत त्याचा उच्चार 'य'च्या जवळ जातो, ब्वेनोस आयरेसकडे 'श'. मुलांना एकच शिकवा.) लहान या अर्थाचा 'पेकेन्यो' हा 'पेक्वेन्यो' होतो, कारण क्यूनंतरचा यू गप्प असतो हे कुणी सांगितलेलं नसतं. खेळतो या अर्थाचा 'खुएगा' हा 'जुएगा' होतो. त्यातला 'ख' घशातून घासत येणारा आहे, खडूतला नव्हे; काही प्रदेशांत तो हलका होत 'ह'पाशी पोचतो. राहतो या शब्दातला व्ही तर 'ब'च असतो: 'बीबे'.

आणि सगळ्यात जास्त चिडचिड होते ती 'तेंगो' म्हणजे 'मला आहे' याचं 'टेंगो' ऐकून. स्पॅनिश 'त' आपला 'त' आहे, दाताला जीभ लावून म्हणायचा. 'द'ही तसाच, दोन स्वरांमध्ये आणखी मऊ. मराठी मुलाच्या तोंडात हे आवाज तयार आहेत, आणि आपण ते बाजूला सारून इंग्रजी वळणाचा 'ट' शिकवतो! विशेषणांचंही तेच. मोठा भाऊ, मोठी बहीण हे ज्याच्या कानावर जन्मापासून आहे, त्याला 'पेकेन्यो' आणि 'पेकेन्या' यांत समजावण्यासारखं काही नसतं. इंग्रजीतून शिकवलंत तर त्यावर अर्धा तास जाईल. एक सावधगिरी मात्र हवी. वयाने मोठा या अर्थाचा 'मायोर' भावालाही मायोर आणि बहिणीलाही मायोरच. ओ आणि आ यांचा नियम शिकलेली हुशार मुलं 'मायोरा' म्हणतात. रागावू नका, नियम कळल्याची ती पावती आहे.

आता माझीच चूक सांगते, म्हणजे हिशेब बरोबर होईल. शिकवायला लागले त्या सुरुवातीच्या दिवसांत एका धड्यात वाक्य होतं: 'तेंगो त्रेस एर्मानोस: लुईस, आना इ एवा.' (त्रेस म्हणजे तीन, इ म्हणजे आणि.) एका आठ वर्षांच्या मुलाने हात वर केला. एर्मानोस म्हणजे भाऊ, मग आना आणि एवा इथे काय करतायत? मी आत्मविश्वासाने सांगितलं की छपाईची चूक आहे. नुसतं सांगून थांबले नाही, तर सगळ्यांकडून लाल पेनने 'त्रेस' खोडून 'एक भाऊ, दोन बहिणी' असं वाक्य दुरुस्त करून घेतलं. रात्री पुढचा धडा तयार करायला बसले, तर तिथे एक मुलगी दुसरीला विचारते, 'तिएनेस एर्मानोस?' (तिएनेस म्हणजे 'तुला आहेत') आणि ती उत्तर देते, हो, एक बहीण. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. एक भाऊ जरी घोळक्यात असला तरी अख्ख्या घोळक्याला पुल्लिंगी अनेकवचन लागतं. एर्मानोस म्हणजे भाऊही आणि भावंडंही. प्रश्नात बहुतेक वेळा भावंडंच. दुसऱ्या दिवशी दहा मुलांसमोर पुस्तक बरोबर होतं असं कबूल करावं लागलं. तो मुलगा पुढे वर्षभर माझ्या प्रत्येक वाक्यावर 'नक्की?' विचारायचा.

मराठीत 'भावंडं' हा स्वतंत्र शब्द हाताशी असताना ही चूक व्हावी, याची मला अजून लाज वाटते. तेव्हापासून एर्मानोस शब्दसूचीत 'भाऊ' म्हणून लिहायचाच नाही, हा माझ्या वर्गाचा कायदा. त्याऐवजी चित्र. वाक्य वाचा आणि भावंडं काढा. नावं पुढे आली तर त्याप्रमाणे, नाही आली तर मुलगे-मुली तुमच्या मर्जीने. फक्त बहिणीच असतील तर मात्र 'एर्मानास'. चित्रावरून मला लगेच कळतं, मूल वाचतंय की शब्द ओळखून अंदाज बांधतंय. तोंडी भाषांतरातून ते कळत नाही.

आपल्या मुलांची आणखी एक गंमत आहे. चुलत, मामे, आते, मावस, सगळे आपल्याकडे भाऊच, त्यामुळे 'तुला किती भावंडं?' याला मूल 'तेंगो नुएबे एर्मानोस' असं ठोकून देतं. नऊ! स्पॅनिशमध्ये ते 'प्रीमो' आणि 'प्रीमा'. सख्ख्या काका-मामांची मुलं असतील तर 'प्रीमो एर्मानो' असाही शब्द आहे. तो सांगितला की मुलं खूश होतात, कारण भाऊ शब्दातून पूर्ण हद्दपार झाला नाही. लॅटिनमध्ये भावाला 'फ्रातेर' म्हणत आणि सख्खा असेल तर पुढे 'गेर्मानुस' जोडत. स्पॅनिशने मूळचा भाऊ सोडून दिला आणि 'सख्खा' तेवढा ठेवला, तोच एर्मानो. हे मुलांना सांगायची गरज नाही, पण मला आवडतं म्हणून मी सांगते.

'सू' या टीचभर शब्दाला थोडा वेळ द्या. 'आना खुएगा कोन सू एर्मानो' इथे मूल 'आपल्या भावाबरोबर' म्हणतं आणि पुढे जातं, काही बिघडत नाही. पुढच्या वाक्याची सुरुवात 'सू एर्मानो' अशी झाली की गोंधळ. त्याचा, तिचा, त्यांचा, शिवाय आदरार्थी तुमचा, सगळं 'सू'च. मालक मुलगा की मुलगी, हे त्या शब्दावरून कळतच नाही. भावंडं अनेक असतील तर फक्त 'सूस' होतं. भाषांतराच्या ॲपवर एकच सुटं वाक्य टाकणाऱ्यांना तिथे 'त्याचा भाऊ' मिळतो आणि आनाचा भाऊ लुईसच्या नावावर जातो. माझ्याकडे 'सू' आला की मुलाने बोट मागच्या वाक्यात नेऊन मालक दाखवायचा. दाखवता आला नाही तर पुढे वाचायचं नाही.

वय सांगताना एनवरची नागमोडी रेघ विसरू नका. 'आन्योस' म्हणजे वर्षं. रेघ गेली की उरतो तो शब्द शरीराच्या अशा भागाचा, जो भावंडांच्या धड्यात यायचं काही कारण नाही. घरी छापलेल्या तक्त्यांत ही रेघ हमखास गळते. 'माझ्या बहिणीला पाच...' असा तक्ता मी भिंतीवर लावलेला पाहिलाय.

जुने वर्णमालेचे तक्ते वापरू नका. त्यांत 29 अक्षरं असतात. 2010च्या शुद्धलेखनात सीएच (उच्चार 'च') आणि दोन एल या दोन्ही जोड्या वर्णमालेतून वगळल्या, आता 27.

प्रश्नाच्या सुरुवातीचं उलटं चिन्ह दाखवायचं राहून जातं. 1754मध्ये स्पॅनिश अकादमीने ते सुचवलं, आणि त्याचा उपयोग नेमका मोठ्याने वाचणाऱ्याला आहे: 'तिएनेस एर्मानोस' हे विधानही तसंच आणि प्रश्नही तसाच. आवाज कुठून चढवायचा, ते चिन्ह आधीच सांगतं.

जुळ्यांचा धडा आला तर एकसारखी जुळी 'खेमेलोस' आणि वेगळी दिसणारी 'मेयीसोस', एवढं पुरे.

पाच-सहा वाक्यांपेक्षा लांब मजकूर पहिल्या महिन्यात देऊ नका. 'महिना झाला, अजून एकच पान?' असं विचारणाऱ्या पालकांना मी त्या पानावरच्या वाक्यांत नावं बदलून पुन्हा वाचायला लावते, मुलाला नव्हे, पालकांना. तिसऱ्या ओळीनंतर प्रश्न थांबतात.

राहता राहिला 'र'. एक र आणि दोन र यांत फरक न करता वाचू देणं ही चूक मुलांनाच सगळ्यात आधी खटकते, फक्त वाक्य नीट निवडावं लागतं. माझं ठरलेलं आहे: 'तेंगो उन एर्मानो, पेरो नो तेंगो पेर्रो.' मला भाऊ आहे, पण कुत्रा नाही. पहिला र जिभेच्या एका टिचकीचा, दुसरा लांब थरथरणारा. उलटसुलट वाचलं की भावाचं आणि कुत्र्याचं काय होतं हे मुलं स्वतःच शोधून काढतात, आणि मग ज्यांना घरी धाकटा भाऊ आहे ती मुद्दाम चुकीचंच वाचतात.