सेगमेंटेशन फॉल्ट आला? रॅम नंतर, आधी स्टॅक बघा

रिसर्च ग्रुपमध्ये नवीन आलेली मुलं बहुतेक एकच तक्रार घेऊन येतात. छोट्या ग्रिडवर नीट चालणारा फोरट्रान कोड मोठ्या ग्रिडवर सुरू होताच सेगमेंटेशन फॉल्ट देतो, म्हणजे हद्दीबाहेरच्या मेमरीला हात लावल्याने मध्येच बंद पडतो. "पण नोडला, म्हणजे क्लस्टरमधल्या त्या मशीनला, एवढी रॅम आहे!" असेल हो, पण तिथवर गाडी पोहोचलेलीच नसते.

स्टॅक म्हणजे सबरूटीनच्या लोकल व्हेरिएबलसाठी राखलेली मेमरी. लिनक्सवर त्याची मर्यादा सहसा 8 एमबी असते. टर्मिनलवर 'युलिमिट -एस' टाका, 8192 दिसेल, म्हणजे किलोबाइट. आता हिशोब बघा. डबल प्रिसिजनचा एक आकडा 8 बाइटचा. 1000 बाय 1000 चा लोकल अ‍ॅरे स्टॅकवर गेला तर 80,00,000 बाइट लागतात आणि मर्यादा आहे 83,88,608. जेमतेम मावतो. ग्रिड 1100 बाय 1100 केली की 96,80,000 बाइट, आणि सबरूटीनमध्ये शिरताच प्रोग्रॅम आडवा.

त्यात जीफोरट्रान या कंपायलरची एक खोच आहे. ठरावीक आकाराचे मोठे लोकल अ‍ॅरे तो एरवी स्टॅकवर ठेवत नाही, स्टॅटिक मेमरीत टाकतो. ओपनएमपीसाठी (एकच प्रोग्रॅम अनेक थ्रेडमध्ये समांतर चालवण्याची सोय) '-एफओपनएमपी' लावलं की मात्र तेच अ‍ॅरे स्टॅकवर येतात. कोडमधली एक ओळही बदललेली नसते, तरी तो कोसळतो, आणि माणूस आपल्याच लॉजिकमध्ये चूक शोधत बसतो.

उपाय एका ओळीचा: जॉब स्क्रिप्टमध्ये, प्रोग्रॅमच्या आधी, 'युलिमिट -एस अनलिमिटेड'. डब्ल्यूआरएफ हे हवामानाचं मॉडेल चालवणाऱ्यांच्या स्क्रिप्टमध्ये ही ओळ हमखास सापडते. ती हार्ड लिमिटपर्यंतच, म्हणजे सिस्टिमवर ठरवलेल्या कमाल मर्यादेपर्यंतच, चालते. ते 'युलिमिट -एचएस'ने कळतं. ते वाढवायला मात्र अ‍ॅडमिनलाच गाठावं लागतं.

एवढं करूनही ओपनएमपीचा कोड पडत असेल तर 'ओएमपी_स्टॅकसाइझ' बघा. युलिमिटची ती ओळ मुख्य थ्रेडपुरती. बाकीच्या थ्रेडचा स्टॅक या व्हेरिएबलने ठरतो. मी 64 एमबीपासून सुरुवात करतो, पडलाच तर दुप्पट. एकदम 4 जीबी देण्यात शहाणपण नाही.

खरोखर रॅम संपली असेल तर खुणा वेगळ्या. सेगमेंटेशन फॉल्टऐवजी नुसतं 'किल्ड' येतं, एक्झिट कोड 137. त्यातले 128 वजा केले की 9 उरतात, म्हणजे प्रोसेसला बाहेरून सिग्नल 9 देऊन मारलं. स्लर्मवर (क्लस्टरवरच्या जॉबची रांग सांभाळणारं सॉफ्टवेअर) बऱ्याचदा जॉबपुढे 'आउट ऑफ मेमरी' लागतं. तिथे युलिमिटशी झटापट करून काही होत नाही, जॉबसाठी मेमरी मागणारा '--मेम' वाढवायचा.

किती वाढवायचा? लहान रन पूर्ण होऊ द्या, मग स्लर्मच्या जॉबच्या नोंदी दाखवणाऱ्या 'एसअ‍ॅक्ट'मध्ये 'मॅक्सआरएसएस', म्हणजे जास्तीत जास्त वापरलेली रॅम, बघा. ती मोजणी ठरावीक अंतराने होते, त्यामुळे क्षणभर उसळलेली मेमरी तिच्यातून निसटू शकते. मी त्या आकड्यावर पाचवा हिस्सा जास्त मागतो. अख्ख्या नोडची मेमरी मागितली तर जॉब रांगेतच कुजतो.